उडत्या घोड्याचं म्युझिक

स्नेहलतागंज, इंदूर
फेब्रुवारी १९९५

तीर्थस्वरूप वसुधाताईस,

धाकट्या पंढरीनाथाचा दंडवत. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला, दोन्ही पुण्याच्या थंडीत शांत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल. (इंदुमती म्हणते, खुशाल नाही, रिकामे. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली तरी मी सकाळी साडेसहाला डबा मागतो, त्याचा तिला राग.)

तो क्या है ना ताई, आपले शेजारचे दौलतराव तुला आठवत असतील. त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेवर होते, त्यामुळे घोडा म्हटलं की या माणसाचं भान सुटतं. त्यांनी व्हिडिओवर पिक्चर काढला. तीनशे वर्षांपूर्वीचं राज्य, म्हातारा राजा, राजकन्या आणि उडणारा घोडा. (घोडा टांग्याचा, पंख पुठ्ठ्याचे. डावा पंख त्याने स्वतःच खाल्ला, म्हणून पिक्चरभर तो उजव्या बाजूनेच दिसतो.) म्युझिक त्यांनी मला सांगितलं, कारण मिलच्या बँडमध्ये मी एकोणीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. मिल सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला काही करायला सांगितलं, ताई. त्या दिवशी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसलो.

मग कळलं की दौलतरावांनी आमच्या अनुश्रीलाही सांगून ठेवलंय. माझ्याच लेकीला! तिच्याकडे तो सिंथेसायझर आहे. घोडा उडाला की धडाडधूम, राजकन्या रडली तरी मागे डिस्को. मी म्हटलं, "बेटा, तीनशे वर्षांपूर्वी असला ठेका होता का?" तर म्हणते, "बाबा, तेव्हा उडणारा घोडा तरी होता का? आणि तुमचं क्लॅरिनेट तर गोऱ्यांच्या बँडमधून आलंय." मी चार दिवस अबोला धरला. (उत्तर शोधत होतो.)

शेवटी दौलतरावांनी तिचंच म्युझिक ठेवलं. माझी समजूत काढायला म्हणून, जवळच्या हातोद गावातल्या पहिल्या शोच्या आधी आम्ही बापलेकीने स्टेजवर स्वागताचं वाजवावं, असं ठरलं. तेवढं वाजवून मी कोपऱ्यात बसलो. आमच्या मिलमधले बरेच जण हल्ली हातोदच्या मंडीत कामाला लागलेत, तेही आले होते. धडाडधूमला शिट्ट्या पडल्या. प्रत्येक शिट्टी मला टोचत होती.

मग म्हातारा राजा सिंहासन सोडून वनात निघाला आणि नेमका तिथेच आवाज गेला. चित्र चालू, राजा मुका. लोक ओरडायला लागले. अनुश्रीचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, "बाबा, वाजवा ना काहीतरी!" घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मिलमध्ये रिटायर होणाऱ्याला घड्याळ देऊन गेटपर्यंत पोहोचवताना वाजवायचो, तीच धून मी लावली. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "भिया, राजासाहब को घड़ी तो दे दो!"

हसून हसून लोक लोळले. आणि हसता हसता, ताई, मिलवाले एकेक करून उभे राहिले. आम्हाला कुठे कुणी वाजवत गेटपर्यंत सोडलं होतं? एक दिवस नोटीस चिकटली आणि झालं. तेवढ्यात अनुश्रीने माझ्या सुराखाली हळूच आपला तो ठेका सोडला. खरं सांगतो, बसला. राजा वनात पोहोचला तरी आम्ही थांबलो नाही.

तरीही माझं मत कायम आहे. जुन्या काळाला जुनंच म्युझिक हवं.

तुझा,
पंढरी

ता. क. : दौलतराव नाराज आहेत. म्हणाले, ठेका चालून गेला, पण क्लॅरिनेट फार मॉडर्न वाटलं.

आणखी ता. क. : मुख्य राहिलंच. अनुश्रीला पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओने कामाला बोलावलंय. एक तारखेला ती तुझ्याकडे पोहोचेल. 'चार दिवस ठेव आणि समजावून परत पाठव' हे लिहायलाच मी आज बसलो होतो. पण लिहिता लिहिता कागद भरत आला. तेव्हा आता ठेवूनच घे.