जमलं तर या

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. आता वाटलं, कारण गेल्या आठवड्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला चांगलंच सुनावलं, आणि ऐकताना सारखं वाटत होतं की यातलं निम्मं तरी तुम्हाला लागू आहे. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. घराणं मुसलमान, कित्येक पिढ्या पुण्यातलं, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ अस्सल पुणेरी. तीन वर्षांपूर्वी इथे राहायला आल्या आणि पहिल्याच ईदला त्यांनी बेल वाजवून सांगितलं, "दुपारी दीडला जेवायला यायचं. तुझ्यासाठी बिनमटणाचं वेगळं केलंय." मी म्हटलं, मी सगळं खाते. "बरं झालं, एक पातेलं वाचलं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. येशील का, जमेल का, असलं काही नाही. मी गेले, शीरखुर्मा दोनदा मागून घेतला, आणि त्या दिवसापासून आमची मैत्री आहे. या वयात अशी मैत्री होईल असं मला वाटलं नव्हतं.

ती मैत्री गेले दोन महिने जवळजवळ मोडल्यातच जमा होती. तुमच्या नातीचा, माझ्या लेकीचा, साखरपुडा झाला तेव्हा मी बाईंना बोलावलं, पण कसं बोलावलं ते ऐका. दारातूनच म्हटलं, "रविवारी साखरपुडा आहे. जमलं तर या. काही अडचण असेल तर अगदी मनावर घेऊ नका. आणि आमच्याकडचं खायचं नसेल, तर फळं ठेवलीच आहेत." बाईंनी मान हलवली. रविवारी आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, शेवटी ह्याही तशाच. मग लिफ्टमध्ये भेटलो की मी मोबाइल काढायची आणि त्या छताकडे बघायच्या.

तुम्हाला आपल्या घरातलं ते पहिलं जेवण आठवत असेल. स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं होतं आणि तुम्ही ऑफिसातल्या सहा जणांना रविवारी जेवायला बोलावलं होतं. मी बारा वर्षांची. आई पहाटेपासून स्वयंपाकघरात आहे. कुणाला शंका नको म्हणून घरात सामिष काही नाही, ताटं-वाट्या नव्या कोऱ्या, त्यांच्यावरचे कागद मी नखाने खरवडून काढतेय. सहाही जण वेळेवर येतात, बुद्धाच्या मूर्तीला लांबून नमस्कार करतात, घर छान आहे म्हणतात. मग एकाला उपवास असतो. दुसऱ्यालाही असतो. तिसऱ्याचं पोट बरं नसतं. आतून पुऱ्यांचा वास येतोय आणि तुम्ही हसून म्हणताय, "असू दे, असू दे, देवाधर्माचं आधी." तुम्ही स्वतः खाली जाऊन डझनभर केळी आणलीत. केळं सगळ्यांनी खाल्लं, कारण त्याला साल असते. हे मला तेव्हा कळलं नाही. आईला कळलं होतं. रात्री तिने एवढंच विचारलं, "ताटं परत घेतील का हो दुकानात?" पुढे तीन दिवस आपण श्रीखंड-पुरी खाल्ली. मला श्रीखंड फार आवडायचं, त्यामुळे तो अपमानही मी तीन दिवस आवडीने खाल्ला.

त्यानंतर तुमची बोलावण्याची पद्धतच बदलली. दादाचं लग्न असो, तुमच्या निवृत्तीचा चहा असो, आमंत्रणाच्या आधी सबब तयार. "उपवास असेल तर फळं आहेतच." "लांब पडत असेल तर राहू द्या." "जमलं तर या." एकदा मी चिडून म्हणाले, मग बोलावताच कशाला? तुम्ही क्वचित रागवायचात, पण तेव्हा रागावलात. "बोलावणं आपलं काम आहे. आपल्यामुळे कुणावर खोटं बोलायची वेळ येऊ नये, एवढं बघायचं. यात तुला लाज वाटण्यासारखं काय आहे?" पुढे मीही तुमचीच रीत उचलली. हिंजवडीच्या ऑफिसात तिचं कौतुकही झालं. तिथे आमंत्रण संगणकावर येतं आणि खाली तीन बटणं असतात: येतो, येत नाही, बघू. आमच्या टीममधला जर्मन माणूस सरळ 'येत नाही' दाबतो. कारण देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉफी घ्यायला बोलावतो. आम्ही देशी मंडळी 'येतो' दाबून जात नाही, नाहीतर वर्षानुवर्षं 'बघू'वर बसून राहतो. तो माणूस तुमच्या ऑफिसात असता तर निदान केळी वाचली असती.

तर गेल्या आठवड्यात बाईंनी मला लिफ्टसमोर अडवलं. "दोन महिने झाले, तोंड का फुगलंय?"

मी म्हटलं, "तुम्ही साखरपुड्याला आला नाहीत."

"तू बोलावलंस कधी? तू तर न मागता माझी रजा मंजूर केलीस. वर फळांची लाच."

मी सांगायला लागले की आमच्या घरी तसंच बोलावतात, समोरच्याला अडचण नको म्हणून. त्यांनी मला पूर्ण बोलूच दिलं नाही. "समोरच्याला अडचण नको, का तुला नकार नको? छत्तीस वर्षं मुलांना शिकवलंय, मला कळतं कोण हात वर करतंय आणि कोण नुसतं डोकं खाजवतंय. मी साडी काढून ठेवली होती त्या दिवशी. मग विचार केला, हिला मी यायला नको असेल."

अण्णा, मला रडू आलं. तिथेच, लिफ्टचं दार उघडझाप करत असताना. बाईंमुळे तर आलंच, पण आणखी एका गोष्टीमुळे आलं, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदा त्या सहा जणांतले सगळ्यांत धाकटे, तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, मला स्वारगेटला बसच्या रांगेत भेटले होते. तुमची चौकशी करून म्हणाले, "त्या दिवशी मला जेवायचं होतं हो. कसला उपवास नि कसलं काय. पण माझी पाळी यायच्या आत तुमच्या वडिलांनी माझ्या हातात केळं ठेवलं. वरिष्ठ बसलेले, मग मीही बोललो नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. तोंड नव्हतं का पुरी मागायला, असं मनात म्हणत मी बसमध्ये चढले. तुम्ही त्यानंतर चार वर्षं होतात आणि मी रोज तुमच्यासमोर चहा ठेवत होते. सांगितलं असतं तर सहातला एक तरी तुमच्या पदरात पडला असता. नाही सांगितलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे सहाच्या सहा वाईट असणंच मला सोयीचं होतं. तुम्ही बिचारे खरंच दुसऱ्याची लाज राखत होतात. मी मात्र स्वतःची राखत होते, तुमचेच शब्द वापरून.

काल लग्नाच्या पत्रिका बुधवार पेठेतून छापून आल्या. पहिली घेऊन मी समोर गेले. बेल वाजवण्याआधी पाच मिनिटं पायपुसण्यावर उभी होते, कारण सबब दिली नाही की मग समोरचा 'नाही' म्हणू शकतो आणि ते आपल्याला सरळ लागतं. बाईंनी दार उघडलं. मी आत जाऊन बसले आणि म्हटलं, "लग्नाला यायचं. विधीला पुढच्या रांगेत बसायचं आणि आमच्या पंगतीला जेवायचं. नाही आलात तर मला फार वाईट वाटेल."

बाईंनी चष्मा लावून पत्रिका शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, "साडेअकरा म्हणजे साडेअकराच ना, का तुमच्याकडेही एक वाजतो?" मग म्हणाल्या, "आता कसं नीट बोलावलंस. कुठे शिकलीस?"

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना खोटं बोलण्यापासून वाचवलंत, म्हणून हे कबूल करताना जरा अवघड वाटतंय. मी त्यांना म्हटलं, "आमच्या अण्णांची पद्धत आहे ही. ते कुणाला 'जमलं तर' म्हणायचेच नाहीत."