मगर, भूत आणि टेप क्रमांक सात

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, धंदा स्वस्तातले भुताखेतांचे चित्रपट काढणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. समीक्षकांकडे मागितला नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलीच्या. जिन्यालगतच्या भिंतीवरचे डाग बिटाच्या रसाचे आहेत. एकोणीस चित्रपटांतले सगळे खून त्याच जिन्यावर झाले, कारण दुसरा जिना मिळत नव्हता.

२. तळमजल्यावरच्या खोलीत आमचे भूत राहते. उंची सहा फूट तीन इंच, स्वभावाने गाय. बारा चित्रपट बिचाऱ्याने पांढऱ्या चादरीत काढले, एकदाही कुरकुर केली नाही. त्याला त्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क आहे. भुताला कोणी घराबाहेर काढू नये.

३. रबरी मगर पोस्टर रंगवणाऱ्याला. आमच्याकडे आधी पोस्टर आणि मग गोष्ट, हे मान्य. पण या गृहस्थाने मला न विचारता पोस्टरवर मगर काढली. प्रेक्षक मगर बघायला आले आणि खुर्च्या मोडून गेले. आठ दिवसांत मगर करून चित्रपटात घुसवावी लागली. त्याची मगर त्यालाच लखलाभ.

४. धाकटा भाऊ प्रत्येक लग्नात माझी ओळख "आमचे दादा, औषधांचा व्यापार" अशी करून देत असे. घरातली उरलेली सर्व औषधे त्याला द्यावीत.

५. गोदामातील रिळे आणि टेपा. मुलीने तोंडावर सांगितले आहे, "बाबा, तुमच्यामागे मी हे सगळं भंगारात देणार." तिचे चुकत नाही. शाळेत तिला चेटकिणीची पोर म्हणत, ते माझ्यामुळे. खुशाल द्यावे. फक्त टेप क्रमांक सात आधी ऐकावी.

ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. "आईचा आवाज कुठे आहे का हो?" असे तिने लहानपणी कितीदा विचारले आणि मी नाही म्हणालो. ते खोटे होते. पहिल्या चित्रपटाच्या वेळी किंकाळी फोडायची नटी आलीच नाही, म्हणून मी बायकोला उभे केले. तीच किंकाळी एकोणीस चित्रपटांत वापरली. बायको गेल्यावरही वापरत राहिलो. आईचा आवाज म्हणून खुनाची किंकाळी पोरीला कशी ऐकवायची? पंधराव्या वर्षी तिने माझा एकच चित्रपट अर्धा पाहिला आणि म्हणाली, "त्या बाईला आवरा हो, कान किटले." तेव्हाही मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

टेपवर किंकाळीनंतरचेही आहे. ध्वनिमुद्रकाने यंत्र बंद केले नव्हते. भर दुपारची वेळ, तिची आई हसते आहे, आणि म्हणते, "जमलं का हो? आता परत नको हं, पिल्लू आत झोपलंय."

पिल्लू म्हणजे तू, बाळा.

सही: निर्माता
स्थळ: राहते घर, जिन्याची तिसरी पायरी
दिनांक: ११ मार्च

आम्हा दोघांसमक्ष सही केली.
साक्षीदार १: घरचे डॉक्टर
साक्षीदार २: ध्वनिमुद्रक. टेप वाजवायचे यंत्र माझ्याकडे आहे, चालू आहे. पोरी, कधीही ये.