भज्जीच्या पातेल्याची प्रतिष्ठापना

आई,

आपल्या घरात नुकत्याच पार पडलेल्या एका स्थापत्यशास्त्रीय पराक्रमाचे निवेदन तुझ्या चरणी सादर करावे, असे मनात आले. तू असतीस तर पहिल्याच वाक्याला थांबवून “लेकरा, माणसावानी बोल की जरा” असे सुनावले असतेस. पण तू जाऊन इतकी वर्षे लोटली आहेत, की माझ्या भाषेला अटकाव करणारे आता कोणी उरलेले नाही आणि तिने या स्वातंत्र्याचा यथेच्छ उपभोग घेतलेला आहे.

विषय तुझ्या पितळी पातेल्याचा आहे. दर येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, अख्ख्या भावकीची, ओल्या दाण्यांची नि पालेभाजीची भज्जी तू ज्यात शिजवायचीस, तेच. धाकट्या भावाने गावाकडचे, माकणीचे घर पाडून नवे बांधायला काढले आणि ते पातेले टेम्पोत घालून धाराशिवला माझ्या दारात आणून उतरवले. “दादा, आईचं हाये. मला मोडीत घालवंना. तुमी बघा काय ते,” एवढे बोलून तो चहासुद्धा न घेता निघून गेला. उत्तरदायित्वाचे इतके निर्मळ हस्तांतर मी सरकारी कचेरीतही पाहिलेले नाही. तुझ्या सुनेने पातेल्याला एक प्रदक्षिणा घातली आणि निवाडा दिला, “हितं मिठाच्या बरणीला जागा न्हाय, आन् तुमी हत्ती आणून बसवलाव. जागा करा, न्हायतर रविवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकते.”

तिचे म्हणणे निराधार नव्हते. आमची पाकशाला मॉड्यूलर आहे. अर्थात दर्शनी ऐश्वर्य अपार आणि उदरात अव्यवस्था. कप्प्यात डबा ठेवला की त्याच्या मस्तकावर हातभर पोकळी उरते, कोपऱ्यातल्या कपाटात गेलेली वस्तू थेट दिवाळीच्या साफसफाईला सापडते, आणि शेगडीखाली पोलादी जाळीच्या ट्रॉल्या आहेत, ज्या मी पाहुण्यांना बोटाने ढकलून दाखवीत असे. मी सुताराला पाचारण केले आणि स्वतः मोजपट्टी हाती धरली. वरच्या कपाटांत मधोमध एकेक जादा फळी आली. दारांच्या आतल्या अंगाला झाकणांसाठी अरुंद घोड्या लागल्या. ओट्याखालची पायाजवळची पट्टी काढून तिथे उथळ ड्रॉवर बसवले. त्यांत परात, ताटे, पोळपाट अशी सपाट प्रजा सुखाने नांदू लागली. कोपऱ्यात फिरती चकती आली. आणि या समग्र रचनेचा कळस म्हणून छताला भिडणारा एक नवा माळा उभारून, त्यावर तुझ्या पातेल्याची मी साग्रसंगीत प्रतिष्ठापना केली. स्टुलावरून उतरताना माझ्या मुखावर जो भाव होता, तो मंदिराच्या जीर्णोद्धार समितीच्या अध्यक्षाच्या मुखावर असतो.

तिने ड्रॉवर उघडून पाहिले, चकती फिरवून पाहिली, “बेस झालं” असेही म्हणाली. आणि मग पदराला हात पुसत, “रविवारी भंगारवाल्याला लवकर बोलावलंय.”

“अगं, पण जागा झाली की आता!”

“झाली की. तुमच्या हाताला.” तिने माळ्याकडे पाहिलेदेखील नाही. “मला स्टूल लागणार, स्टूल धरायला तुमी लागणार. भज्जी करावी वाटली तर आधी तुमच्याकडं अर्ज करायचा. आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, काय येगळं केलतं? जल्मभर त्या पातेल्याला मला हात लावू दिला न्हाय. आता तुमी त्याला आभाळात नेऊन ठिवा.”

आई, ती बोलत होती आणि मला माकणीचे अंगण दिसत होते. उजाडायचे आहे. तीन दगडांच्या चुलीवर पातेले रटरटते आहे. त्यात तूर, वाटाणा, हरभरा, मेथी, चिंचेचा कोळ. तुझ्या हातात लांब दांड्याचा डाव. दोन प्रहरी तू शेताच्या बांधावर उभी राहून रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारशील, “या की जेवायला, येळवस हाय!” आणि तो आल्याशिवाय तुझा घास उतरणार नाही. एवढे विशाल तुझे अंतःकरण. पण तुझी नवी सून डाव मागायला येते, तेव्हा तू वळूनही न बघता म्हणतेस, “तू वाटाणं सोल, पोरी. भज्जी नवख्या हाताची न्हाय.” तिचे केस पांढरे होऊ लागले तरी तुझ्या लेखी तिचे नवखेपण संपले नव्हते. मी ते प्रतिवर्षी पाहत होतो आणि त्याला परंपरा असे भारदस्त नाव देऊन भज्जी खात होतो.

सुतार पुन्हा आला. या वेळी मोजपट्टी तिच्या हातात होती आणि मी आज्ञाधारक शासनयंत्रणा होतो. शेगडीखालच्या माझ्या लाडक्या ट्रॉल्या उखडल्या गेल्या. त्यांच्या जागी एकच खोल, बैठे कपाट झाले. तळाला जाड फळी, तिला भक्कम चॅनेल. मूठ धरून ओढले की पातेले एखाद्या महाराणीप्रमाणे सरकत बाहेर येते. तिने ते दोनदा ओढून पाहिले, तिसऱ्यांदा उगाच ओढले, आणि भंगारवाल्याला फोन करून सांगितले की फक्त रद्दी आहे.

येळवसेला पहाटे उठून भज्जी तिने शिजवली. पातेल्यासकट आम्ही माकणीला पोचलो, शेतात कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पाच दगडी पांडवांना नैवेद्य झाला, पंगत बसली, धाकट्याने पहिला घास घेऊन डोळे पुसले. “वहिनी, आई आठवली बगा.” सगळे माना डोलवू लागले. ती डाव हातात धरून माझ्याकडे पाहत उभी होती, आणि शब्दांचा हा कुबेर त्या क्षणी केवळ वाटी पुढे करू शकला.

परतीच्या वाटेवर मोटारीत मी तिला सांगितले, की मला आई आठवली नाही. ही भज्जी आईच्या भज्जीहून सरस होती. “म्हायती हाय,” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

तुझा पत्ता मला ठाऊक नाही, ही या पत्राची अडचण नव्हेच. असता, तरी हे टपालात टाकण्याची माझी छाती झाली नसती.