धसईचं सामायिक शेत

९ नोव्हेंबर
वाशिंदहून धसई. तीन गाड्या बदलल्या, गुडघे बोलतायत. दाविदने मला ओळखलं नाही. अर्धांगाच्या झटक्याला दोन महिने झाले. उजवा हात लुळा, तोंडात एकच शब्द उरलाय, 'चला'. मुलगा योएल इस्राएलहून आलाय. म्हणाला, "एस्थर आंटी, पप्पांना घेऊन जातो. शेत विकतोय."


१० नोव्हेंबर
सकाळपासून तेच डोक्यात. मुंबईची आम्ही सात ज्यू पोरं, तरुणांच्या चळवळीचे निळे सदरे. चळवळीत थोरांनी धाकट्यांना शिकवायचं. मालक नाही, नोकर नाही, चूल एक. आधी हाताने राबायला शिकायचं, मग इस्राएलला किबुत्झमध्ये, म्हणजे सामायिक शेतीच्या वसाहतीत, तसंच जगायचं. सरावाला दाविदच्या वडिलांचं हे शेत. भात लावता कुणाला येत होतं? वाडीवरच्या चंद्रीने शिकवलं. आमची वाकडी रोपं बघून हसायची. पहिल्या बैठकीला दाराबाहेर बसली. दाविद म्हणाला, "बाहेर कोणी बसायचं नाही. आणि शेट म्हणायचं नाही."
पाच जण गेले, तिकडचेच झाले. मीही गेले, पण चार वर्षांत परतले, आईसाठी. मग शाळेची नोकरी. दाविद गेलाच नाही. चंद्रीही शेतावरच. पन्नास वर्षं.

१३ नोव्हेंबर
चंद्री वाशिंदला आली. कधी येत नाही.
"एस्तर, दाविद मला बोललेला ना, अर्धा तुकडा तुजा? तुज्याम्होरं बोललेला."
हो. मलिद्याच्या गोड पोह्यांचं ताट मध्ये होतं, तिघंच होतो.
"कागद केला का काय?" मी विचारलं.
"कागद कशाला? तो बोलला ना."

१५ नोव्हेंबर
मुरबाडला वकिलाकडे. सातबाऱ्यावर योएलचं नाव. तीन वर्षांपूर्वी दाविदनेच बक्षीसपत्र केलंय. सही बघितली, त्याचीच. चंद्रीचं नाव कुठेच नाही, जमीन कोण कसतं त्या पीकपाहणीतही नाही. सगळं सामायिक म्हणायचो, म्हणून नावं लावायचं कुणाच्या मनातच आलं नाही. 'आता काही होत नाही, बाई,' वकील म्हणाले.
का केलं असेल त्याने? योएल देईल असं वाटलं, की विसरला, की…

१८ नोव्हेंबर
पुन्हा धसई. योएलला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने.
"पप्पा मला कधी बोलले नाहीत, आंटी. तुम्ही खोटं सांगणार नाही. पण त्यांना चोवीस तास माणूस लागेल, त्याचे पैसे मी कुठून आणू? तुमच्या वेळचे किबुत्झ तिकडेही राहिले नाहीत."
चंद्री खाटेपाशी उभी होती. मी दाविदला विचारलं, "हिला अर्धं देणार होतास ना?" त्याने तिच्याकडे बघितलं. डोळे भरले. "चला," म्हणाला.
"बघितलंस?" मी म्हटलं.
योएल म्हणाला, "आंटी, डॉक्टरांनाही ते हेच म्हणतात."
खरं आहे.
चंद्रीने पदराने त्याचं तोंड पुसलं.

२१ नोव्हेंबर
व्यवहार सोमवारी. घेणारा कल्याणचा, फार्महाऊस बांधणार. योएलला म्हटलं, निदान चंद्रीच्या झोपडीपुरता कोपरा ठेव. "विचारून बघतो," म्हणाला. वाईट मुलगा नाही. तो वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

२२ नोव्हेंबर
दुपारी चंद्रीचा फोन. जमिनीचं काही विचारलं नाही.
"भात कापलेल्या जागी वाल टाकायचाय. पेरू का नको, तेवढं सांग."
सोमवारपर्यंत थांब म्हटलं.
"ओल थांबत नाय, एस्तर."