पन्नीखालची काकडी

बाबा, तुमच्या धानाच्या बांदीत माझं पन्नीचं पॉलीहाऊस अजून उभं आहे. हे आधीच सांगते, म्हणजे "कधी पाडून राहिली?" असं तुम्ही मध्येच विचारणार नाही.

आमगावच्या त्या वावरात धान सोडून मी काकडी लावली, तेव्हा तुम्ही दारात उभे राहून हसलात. "पन्नीतली काकडी मी तोंडात नाही घालत, पोरी." पहिल्याच हंगामात पानांच्या कडा जळल्या, वाफ्यांवर पांढरं मीठ फुटलं. आत पाऊस पडत नाही, बोअरचं पाणी खारं, वरून मी ओतलेली खतं. मीठ जाणार कुठं? मी गोंदियाला गेले आणि तुम्ही धानवाल्याचं डोकं चालवलंत. मीठ धुवून काढायला पॉलीहाऊसच्या दारात मातीचा बांध घातला आणि बांदीत सोडावं तसं पाणी आत सोडलं. मी परत येते तर वेल घोटाभर पाण्यात उभे! "धानाले चालते, याले काऊन नाही?" आठवड्यात सगळे पिवळे पडून कुजले. आणि वर मलाच म्हणता, "पाड ते." त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. दादानं तुमचाच शब्द धरला: अजून एक हंगाम, मग पन्नी उतरवायची.

नाही उतरवली. छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं, लागवडीआधी त्यानं वाफे धुतले, मग ठिबकमधून समुद्री शेवाळाचा अर्क दिला. दादा म्हणे, "समुद्र कुठं, आपण कुठं! बेकार का धंदा है." तो अर्क मीठ काढत नाही, बाबा. झाडाला ते सोसायची ताकद देतो. मला हे फार पटलं. तुमच्या घरात मी दुसरं काय केलं? पानं हिरवीगार राहिली, आणि काकडी अशी लागली की आता दादाच पोतं मोटारसायकलवर बांधून कुडव्याला विकायला नेतो. पन्नी उतरवायचं नावही काढत नाही.

हे लिहून मी फाडणारच आहे, तरी एक सांगते. दरवर्षी नवं खायच्या दिवशी नव्या तांदळाच्या भातासोबत तुमच्या नावानं वाढलेल्या पानावर मी एक काकडी ठेवते. दादा कुरकुरतो, "बाबाले नाही चालणार." नाही चालत तर उठून सांगा, म्हणते मी. शिव्या द्या. पितरांचं पान ठेवून निघालं की मागं वळून पाहायचं नाही, असं आई सांगायची.

मी पाहते.