कुदळ माझ्या गाडीत आहे

वेंडेल,

आपल्या जोसीचं सापाचं पिल्लू, पीच, पेटीत नाही. झाकणाचा चाप उघडाच राहिलाय. आज माझी दवाखान्यातली पाळी बुडवता येत नाही, म्हणून मला निघावंच लागतंय. जोसी शाळेतून यायच्या आत पीच सापडायलाच हवा.

परसातली कुदळ शोधत बसू नकोस, मी ती गाडीत घालून नेली आहे. राग आला तर येऊ दे. ईस्टरला तिचा आधीचा साप अंगणात दिसल्यावर तू आधी कुदळ घातलीस आणि मग उलटा करून पोट पाहिलंस. पोटावर काळे-पांढरे चौकडे असले की तो आपला बिनविषारी कॉर्न स्नेक, विषारी कॉपरहेड नव्हे. लाल दिसला की ठेचायचा, ही तुझ्या आईकडची रीत. माझ्या घरात ती चालणार नाही.

पिल्लू पेन्सिलीएवढं आहे, उबेला जाऊन बसलं असेल. फ्रीजच्या मागे बघ, पाणी तापवायच्या टाकीखाली बघ, तुझ्या शिकारीच्या बुटांतही बघ. कालच त्याने उंदराचं पिल्लू गिळलंय, दाबलंस तर ओकेल. ओंजळीतच उचल.

चाप कुणी उघडा ठेवला, ते मला ठाऊक आहे. सकाळी कॉफी करताना मी ऐकलं. पेटीपाशी वाकून तू पिल्लाला म्हणत होतास, “चुकलं रे माझं, बाळा.”

ईस्टरपासून जोसी तुझ्याशी बोललेली नाही. सापाला म्हणालास, तेच आज तिला म्हण.

कॉरीन