चष्म्याबद्दलचा प्रश्न

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. आईचे गुडघे कसे आहेत? तिला उगाच जिना चढू देऊ नकोस.

शाळेचं ग्रंथालय आता पुरतं माझ्या ताब्यात आहे. दर शुक्रवारी मी मुलांना गोष्ट वाचून दाखवते आणि ती मोबाइलवरून लाइव्ह जाते. घरबसल्या कुणालाही बघता येते. ‘माझं नाव कुठे टाकू नका,’ असं मी मुख्याध्यापिकाबाईंना बजावलं होतं आणि त्यांनी ते पाळलंही. चेहऱ्याचं मात्र माझ्याच डोक्यात आलं नाही. अशी मी शहाणी!

गोष्ट संपली की बघणाऱ्यांनी लिहिलेले प्रश्न एक मुलगी मोठ्याने वाचते. या खेपेला तिने वाचलं, “तुला चष्मा कधी लागला?” सगळी मुलं खो खो हसली. मीही हसले, पण पानाची खूण न घालताच पुस्तक मिटलं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

ताई, ती तूच होतीस ना? मला असं अगंतुगं कोण करणार? आईला मोबाइल उघडता येत नाही. मग उरलात दोघंच: तू, आणि ज्याच्या धास्तीने मी इतक्या लांब पळून आले तो नवरा. तूच असणार. लिंक मीच तुला पाठवली होती.

पण थांब. माझा फोटो बघून ‘चष्म्यात अगदी मास्तरीण दिसतेस’ असं मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस.

आईला यातलं काही सांगू नकोस. उद्या शुक्रवार आहे.

तुझी,
धाकटी